गाजराच्या फोडी आणि चार्वाकांचे किण्व

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. ताज्या गाजराच्या बारीक फोडी पाण्यात टाकायच्या, त्यात असिटोफिनोन या किटोनचे काही थेंब सोडायचे आणि पात्र शेकरवर हलत ठेवायचे. दोन-तीन दिवसांनी गाळून इथाइल असिटेटने अर्क काढला, की किटोनचे अल्कोहोल झालेले सापडते. सोडियम बोरोहायड्राइड हेच काम झटपट करते, पण त्यातून एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असलेले डावा आणि उजवा रेणू निम्मेनिम्मे मिळतात. गाजरातले एन्झाइम जवळजवळ एकच रेणू बनवते. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

पोलरिमीटरमध्ये ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळलेले दिसले, म्हणजे एकच रेणू वरचढ आहे हे कळले, की विद्यार्थ्यापुढे एक फार जुना प्रश्न उभा राहतो. निवड तर झाली, निवडणारा कोण?

जडवादी चार्वाकांनी चैतन्याचा उलगडा करताना किण्वाचाच, म्हणजे आंबण्याचाच, दाखला दिला होता. मद्याच्या घटकांत सुटेपणी कैफ नसतो. ते एकत्र आंबले की मदशक्ती उपजते. महाभूतांच्या मेळातून चैतन्यही तसेच उपजते, असा त्यांचा पक्ष. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात तो मांडून खोडला. त्यांचा युक्तिवाद आजही धारदार वाटतो: रूप हा देहाचा धर्म, म्हणून तो प्रेतातही दिसतो, प्राणचेष्टा आणि स्मृती प्रेतात दिसत नाहीत, तेव्हा त्यांना देहाचे धर्म कसे म्हणावे?

किण्वनापुरती ही कसोटी १८९७ मध्ये लागली. साखरेची दारू होणे हे जिवंत यीस्टचेच काम, असे पाश्चर यांचे ठाम मत होते. एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून पेशी फोडल्या, दाबून रस काढला आणि तो टिकावा म्हणून, मुरांब्यात घालतात तशी, त्यात साखर घातली. रसात जिवंत पेशी नव्हत्या, तरी बुडबुडे येऊ लागले. या शोधासाठी १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

म्हणजे शंकराचार्यांच्याच निकषाने किण्वन देहाच्या बाजूला गेले. पेशी मेली, क्रिया उरली. चार्वाकांचा दाखला इथे पक्का ठरतो. त्यांचा सिद्धान्त मात्र त्यामुळे सिद्ध होत नाही. बुखनरच्या रसाला आपण आंबत आहोत याचे भान होते, असे मानायला काहीही आधार नाही. स्मृतीचा प्रश्न होता तिथेच राहतो.

तरीही निवडीबद्दल बरेच कळले आहे. एन्झाइम डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांचे बनते. त्याच्या पोकळीत असिटोफिनोन एका विशिष्ट बाजूनेच नीट बसतो आणि हायड्रोजन त्याच बाजूने येऊन जुळतो. इथे जाणीव लागत नाही, आकार पुरतो. आकार बदलला तर कामही बदलता येते. फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये उष्ण झऱ्यातल्या जिवाणूच्या एका प्रथिनात मोजके बदल करून त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला. हे काम करणारा एकही जीव निसर्गात माहीत नव्हता.

म्हणूनच गाजराच्या प्रयोगात तुलनेसाठी ठेवायचे उकळलेल्या गाजराचे दुसरे पात्र वेळ नाही म्हणून वगळले जाऊ नये. उकळल्यावर प्रथिनाच्या साखळीतली अमिनो आम्ले तीच राहतात, त्यांचा क्रमही तोच राहतो. मोडते ती फक्त घडी. तरी त्या पात्रात किटोन जसाच्या तसा उरतो. नुसत्या द्रव्याने काम होत नाही, द्रव्याची मांडणी लागते, हे विद्यार्थ्याला त्या दुसऱ्या पात्रातच दिसते; आणि चार्वाकांचा भरही घटकांच्या मेळावरच होता.