स्पर्शावांचून घडणारा अपराध

वऱ्हाडांतील माणसाची समुद्राशीं गांठ बहुधा उशिरां पडते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट लागतें. अकोल्याकडील पुष्कळ खेड्यांना खाऱ्या पाण्याची ओळख तेवढीच. असा माणूस सुटींत मालवणास जातो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडींतून उतरतो, तोंडांत श्वासाची नळी धरून पाण्यांत डोकें घालतो आणि पाहतो, तों खडकांवर प्रवाळ पसरलें आहे व रंगीत मासे त्यांतून ये-जा करीत आहेत. हात आपोआप पुढें होतो.

तो हात मागें घ्यावा, हें सांगणें सोपें आहे. प्रवाळ दगडासारखें दिसलें तरी तो सजीवांचा समूह आहे. चिमुकले प्राणी चुन्याचे सांगाडे रचीत जातात आणि पुष्कळ जातींची वाढ वर्षाला बोटाच्या पेराएवढीही होत नाहीं. पायाच्या एका धक्क्यानें अनेक वर्षांचें काम मोडतें. १९८७ सालीं येथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. पण नियम हाताला अडवील, मनाला नव्हे.

याहून कठीण प्रश्न पुढेंच आहे. जो समुद्रकांठीं कधीं गेलाच नाहीं, तो निर्दोष मानावा काय?

प्रवाळाच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. सूर्यप्रकाशांत तें अन्न तयार करतें व यजमानास देतें. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखादा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हें शैवाल बाहेर पडतें, प्रवाळ पांढरें होतें, आणि उष्मा न उतरल्यास उपासमारीनें मरतें. १९९८ सालीं जगांतील अनेक समुद्रांत असें घडलें. ऑस्ट्रेलियाच्या सुमारें २,३०० किलोमीटर लांबीच्या प्रवाळरांगेवर २०१६ पासून तें पुनःपुन्हा घडलें. अकोल्याच्या उन्हांत वाढलेल्यास एका अंशाचें हंसूं येईल. परंतु मुलाच्या अंगांत चढलेला एकच अंश आईची झोंप उडवितो, हें त्यासही ठाऊक आहे.

समुद्राचा हा ताप मुख्यतः जगभर जळणाऱ्या कोळशाचा व तेलाचा. पारसला आणि नांदगांव पेठेला कोळसा जळतो तो आपल्याच दिव्यांसाठीं, पंख्यांसाठीं. कोणी म्हणेल, यांत माझा वाटा तो केवढा! वाटा लहान खरा. पण वांटून घेतल्यानें दोष हलका होतो, नाहींसा होत नाहीं. मग वैशाखांत वऱ्हाडानें पंखा बंद करावा काय? मुळींच नाहीं. तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर फिरणारा पंखा आणि रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा यांचा धूर एकच असतो. नीति मात्र एक नव्हे.

प्रवाळ डोळ्यांसमोर असतें तेव्हां संयम फारसा जड जात नाहीं. कसोटी लागते ती घरीं परतल्यावर. मालवणच्या पाण्यांत मागें घेतलेला तोच हात रिकाम्या खोलींतील बटणापर्यंत गेला, तरच आपण समुद्र खरोखर पाहिला असें म्हणतां येईल.