दाट, विरळ आणि विरळा

काही शब्दांची नोकरी बदलीची असते. बँकेत काम करणाऱ्याला हे चटकन पटेल. तोच माणूस, तीच सही, तोच जेवणाचा डबा. पण एका शाखेत तो कर्जाच्या टेबलावर बसून लोकांना घाम फोडतो आणि दुसऱ्या शाखेत पासबुकाच्या खिडकीत बसून लोकांचा घाम पाहतो. 'घनता' हा शब्द या जातीचा. भौतिकशास्त्राच्या शाखेत तो एक काम करतो, जनगणनेच्या शाखेत दुसरं, आणि गणिताच्या शाखेत तर त्याला दोन टेबलं दिली आहेत. त्या दोन टेबलांचं एकमेकांशी पटत नाही, हा या लेखाचा विषय.

मुळात 'घन' हेच मोठं उद्योगी प्रकरण. आकाशात असला की तो ढग असतो, रानात दाट होतो, युद्धात घोर होतो आणि सातवी-आठवीच्या वर्गात शिरला की घनमूळ होऊन पोरांना छळतो. वेदपाठशाळेत त्याचा घनपाठ होतो. तिथे पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमाने शब्द म्हणायचे. म्हणजे तीन शब्दांचे तेरा झाले! 'तीनतेरा वाजणे' याच्याशी याचा काही संबंध नाही. उलट एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणूनच ही सोय आहे.

तुम्ही म्हणाल, तुम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तुम्हाला या उठाठेवी कशाला? त्याचं कारण असं की, आमच्या सोसायटीत एक शोकसभा झाली आणि तिथे चार वक्त्यांनी सांगितलं की कैलासवासी फार भरगच्च आयुष्य जगले. ते सतरा समित्यांवर होते. मला एकदम प्रश्न पडला: आयुष्य भरलेलं आहे की रिकामं, हे मोजायचं कशाने? वाणिज्याच्या माणसाला कुणी 'भरगच्च' म्हटलं की तो हिशेबाची वही मागतो. आणि घनता म्हणजे तरी काय, एक हिशेबच. अमुक भागिले तमुक.

हिशेबाची सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. तिथे दाट म्हणजे चमचा उभा राहील ते. पण हा दाटपणा म्हणजे घनता नव्हे. मिसळीवरची तर्री बघा. तेल पाण्यापेक्षा दाट खरं, जिभेला आणि बोटांना ते कळतं. तरी ते रुबाबात वर तरंगतं, कारण तेवढ्याच पाण्यापेक्षा ते वजनाला हलकं. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. पाण्याची एक धरली तर शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३. राजाच्या मुकुटात चांदी मिसळली आहे की नाही, हे आर्किमिडीजने पाण्यात बसून ओळखलं अशी गोष्ट सांगतात. ती खरी असेल तर सोनेतारण कर्जाचा पहिला मान्यताप्राप्त सोनार तोच. फरक इतकाच की आमचे सोनार काम झाल्यावर कपडे घालून घरी जातात.

इथवर सगळं सरळ आहे. भानगड सुरू होते ती भागाकारात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं अशी भरली. पण मुंबई उपनगर जिल्ह्यात ती होती २०,९८० आणि गडचिरोलीत ७४. हा ३६५ चा आकडा उपनगरात राहत नाही आणि गडचिरोलीतही राहत नाही. तो फक्त अहवालात राहतो. शिवाय उपनगराचे २०,९८० म्हणजेही काहीच नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत या अवस्थेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. सोळाने हिशेब केला तर ही घनता चौरस किलोमीटरला एक कोटी साठ लाख पडते! दारात एका पायावर लटकलेल्या माणसाला सांगून पाहा की, बाबा रे, तुझ्या राज्यात चौरस किलोमीटरला ३६५ च माणसं आहेत. तो काय उत्तर देईल ते छापता येणार नाही.

मोठ्याने भागलं की मोठंही लहान होतं. आकाशातसुद्धा हाच न्याय. २०१९ साली ज्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, ते एम ८७ नावाच्या दीर्घिकेत आहे. त्याचं वस्तुमान सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतकं. एवढं वजन म्हणजे केवढी घनता, असं आपल्याला वाटणार. पण ज्या गोलाच्या आत गेलेला उजेडही परत येत नाही, त्या गोलाच्या आकारमानाने भागलं तर सरासरी घनता निघते आपल्या भोवतालच्या हवेच्या निम्म्याहून कमी. साडेसहाशे कोटी सूर्य, आणि सरासरीत वाऱ्याची झुळूक! तेव्हा कुणी सरासरी काढून एखाद्याला हलका ठरवू लागला, तर आधी विचारावं, भागलं कशाने?

आता गणिताच्या शाखेत येऊ. पहिल्या टेबलावरचा कारकून मोजतो की, एक, दोन, तीन या संख्यांच्या रांगेत अमुक प्रकारच्या संख्यांचं प्रमाण काय. सम संख्यांची घनता निम्मी, कारण दर दोन माणसांत एक सम. मूळ संख्यांचं मात्र वाईट आहे. मूळ संख्या म्हणजे ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कुणी भागू शकत नाही त्या. पहिल्या शंभरात त्या २५ सापडतात, पहिल्या हजारात १६८, पहिल्या दहा लाखांत ७८,४९८. म्हणजे पंचवीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या खाली. पुढे पुढे जावं तसं प्रमाण घटत जातं आणि शेवटी घनता ठरते शून्य. पण युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवलं आहे की मूळ संख्या कधीच संपत नाहीत. घनता शून्य, तरी खात्यावर अनंत शिल्लक! आपल्या मराठीला हे आधीपासून ठाऊक असावं. ती केसांना विरळ म्हणते तेव्हा कीव करते, आणि माणसाला विरळा म्हणते तेव्हा हात जोडते.

दुसऱ्या टेबलावरचा कारकून प्रमाण बघतच नाही. तो फक्त हजेरी घेतो. एका पट्टीवर शून्य ते एक एवढी रेघ घ्या आणि तिच्यावर सगळे अपूर्णांक मांडा: एक द्वितीयांश, एक तृतीयांश, तीन सप्तमांश, सगळे. रेघेवर कुठेही बोट ठेवा, बोटाखाली अपूर्णांक सापडणारच, तेही असंख्य. कोणत्याही दोघांच्या मध्ये आणखी एक हजर. याला गणिती म्हणतात, अपूर्णांक या रेघेवर दाट आहेत. इतके दाट, की रेघ त्यांनीच भरली आहे असं वाटावं.

पण त्यांनी जागा किती व्यापली ते बघा. आमच्या बँकेच्या पद्धतीने त्यांना टोकन द्या: छेदात दोन असलेला आधी, मग तीनवाले, मग चारवाले. अशी रांग खरंच लावता येते, आणि रेघेवरच्या सगळ्या बिंदूंची मात्र लावता येत नाही, हे गेओर्ग कँटरने १८७४ साली दाखवलं. आता पहिल्या टोकनवाल्याला अर्धा सेंटीमीटर जागा द्या, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला त्याच्या निम्मी. रांग अनंत असली तरी एकूण जागा एक सेंटीमीटरच्या वर जात नाही. अर्ध्या सेंटीमीटरऐवजी केसाच्या जाडीपासून सुरुवात केलीत तर सगळी रांग दोन केसांत बसेल. याहून बारीक सुरुवात करायला कुणाची ना नाही. तात्पर्य, अपूर्णांकांची एकूण लांबी शून्य. सगळीकडे आहेत आणि जागा कवडीची अडवलेली नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक बारशाला हजर, प्रत्येक साखरपुड्याच्या फोटोत दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरे, प्रत्येक ग्रुपवर सकाळी सहाला सुप्रभात. कोणत्याही दोन कार्यक्रमांच्या मध्ये त्यांचा आणखी एक कार्यक्रम असतोच. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे मंडप भरल्यासारखा दिसतो. एवढंच म्हणतो की भरल्यासारखा दिसणं आणि भरणं ही दोन वेगळी खाती आहेत.

याच्या नेमकं उलट प्रकरणही गणितात आहे, आणि मला खरं सांगायचं आहे ते त्याबद्दल. एक मीटरची काठी घ्या. तिच्या मधोमध २५ सेंटीमीटरचा तुकडा कापून टाका. उरलेल्या दोन तुकड्यांच्या मधून प्रत्येकी सव्वासहा सेंटीमीटर कापा. मग जे चार उरतील त्यांच्या मधून प्रत्येकी त्याच्या पाव, आणि असंच कायम. पहिल्या फेरीत २५ गेले, दुसऱ्या फेरीत साडेबारा, तिसऱ्या फेरीत सव्वासहा. कितीही कापलं तरी एकूण गेले पन्नास. म्हणजे अर्धा मीटर उरला. पण उरलेल्यात सलग असा तुकडा शोधायला जाल तर केसाएवढाही मिळणार नाही. हेन्री स्मिथ आणि व्हितो व्होल्टेरा या १९ व्या शतकातल्या गणितज्ञांनी ही चीज शोधली. हिला म्हणतात 'कुठेही दाट नसलेली'. दिसायला कुठेच नाही, आणि वजनाला निम्मी काठी.

हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या घरच्या अल्बममध्ये वडील पानोपानी आहेत. आई म्हणाल तर एका फोटोत निरांजन धरलेला हात, एका फोटोत दाराआडून अर्धा पदर, एका फोटोत ताट पुढे करणारं कोपर. अख्खी आई कुठेच नाही. तिचा दिवसही तसाच होता. मधोमध स्वयंपाकाने कापलेला. उरलेल्या दोन तुकड्यांतून आजीच्या औषधांनी, पाण्याच्या वेळेने. त्याहून उरलेल्यातून आमच्या शाळेने, दुधाने, दारावरच्या भाजीवालीने. सलग पंधरा मिनिटं तिच्या मालकीची नव्हती. पण तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं वाचनालयाचं पुस्तक असे, खुणेला बसचं तिकीट, आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये जेवढं होईल तेवढं ती वाची. असं वाचून वाचून तिने पेठेतलं वाचनालय संपवलं. ग्रंथपाल नव्या सभासदांना सांगत, "या बाईंनी न वाचलेलं पुस्तक हवं असेल, तर पुढच्या खरेदीपर्यंत थांबा." तिची शोकसभा झाली नाही. झाली असती तर भरगच्च आयुष्य हा शब्द कुणाच्या तोंडी आला नसता, कारण ती एकाही समितीवर नव्हती.

इथे लेख संपवून डोळे पुसायला हरकत नव्हती. पण हिशेब अजून पुरा झालेला नाही. 'पाहा, इतके तुकडे झाले तरी निम्मं उरलंच ना!' असं म्हणून कात्रीवाल्यांनी समाधान मानू नये. काठी निम्मी उरली, कारण प्रत्येक फेरीत काप पाव आकाराचा होत गेला. तीच काठी घेऊन दर फेरीला प्रत्येक तुकड्याचा मधला तिसरा हिस्सा कापत गेलात तर? हेही कँटरनेच दिलेलं उदाहरण. वीस फेऱ्यांनंतर एका मीटरमधला उरतो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, आणि शेवटी लांबी शून्य. दोन्हीकडे कात्री तीच, कापायची जागा तीच, लांबून बघणाऱ्याला दोन्ही काठ्या सारख्याच तुकडे-तुकडे दिसतात. एकीत निम्मं आयुष्य शिल्लक आहे आणि दुसरीत काही नाही. फरक फक्त कापणाऱ्याने हात किती आवरला याचा. आईने पुस्तकं वाचली हे तिचं कर्तृत्व. पण तिच्यासारख्या ज्या बायांचं तेही उरलं नाही, त्या काही कमी कर्तबगार नव्हत्या. त्यांच्या घरची कात्री तिसऱ्या हिश्शाची होती, इतकंच.

म्हणून माणूस किती भरलेला, हे विचारण्याआधी त्याच्या आयुष्यातून कोण किती कापतंय हे विचारायला हवं असं मला वाटतं. दुसऱ्याची घनता मोजायचा अधिकार आपल्याला नसेल, पण आपली कात्री मोजता येते.

आमच्या घरी रविवारी दुपारी सौभाग्यवती पेटी काढून बसतात. त्या तासाभरात दार वाजलं तर मी उघडतो, आणि चारचा चहाही मीच करतो. तो पाणचट होतो अशी लेखी तक्रार अद्याप आलेली नाही, तोंडी बऱ्याच आहेत. होऊ दे पाणचट. एका ठिकाणी थोडं पातळ झाल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी दाट होत नाही.