न घेतलेली गोळी

दारात उपाशी मूल उभे असले, की ताटातला लाडू घशाखाली उतरत नाही. पण आपण लाडू बाजूला सारल्याने त्या मुलाचे पोट भरते काय? व्यवहारी माणूस हसून ‘नाही’ म्हणेल. दक्षिण आफ्रिकेतल्या झॅकी अख्मत यांची हकीकत वाचल्यापासून हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्या या गृहस्थांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ ही संघटना उभारली. रोग आटोक्यात ठेवणारी औषधे तेव्हा निघाली होती. पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात! अख्मत यांना ती मिळू शकत होती. सरकारी दवाखान्यात गोरगरिबांना मिळेपर्यंत आपण ती घ्यायची नाहीत, असे व्रत त्यांनी धरले. २००२ मध्ये खुद्द नेल्सन मंडेला घरी येऊन विनवून गेले. तरी ते ढळले नाहीत.

कारखानदारांचीही बाजू आहेच. संशोधनात घातलेला पैसा परत आला नाही, तर उद्याचे औषध कोण शोधील? स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ कंपन्या तिथल्या सरकारशी कोर्टात भांडत होत्या. अशा वेळी, २००१ च्या फेब्रुवारीत, आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हते, ते फक्त कृतीवर होते, म्हणून हे जमले. २००५ मध्ये तो कायदा बदलला. इकडे लोकांचा रेटा वाढला आणि एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

मग त्या न घेतलेल्या गोळीने काय साधले? औषध स्वस्त होऊ शकते, हे मुंबईच्या कारखान्याने दाखवले. ते महाग ठेवणे लाजिरवाणे आहे, हे त्या व्रताने जगाला जाणवून दिले. रोग निसर्गाचा असेल. किंमत माणसाने ठरवलेली असते आणि माणसालाच ती बदलता येते.

असे व्रत दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही. जिच्या मांडीवर मूल आहे, त्या आईने गोळी घ्यावी, हाच तिचा धर्म! स्वतःचा जीव पणाला लावायचा, तो ज्याचा त्यानेच.

२००३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ही औषधे दवाखान्यांतून देण्याचे ठरवले. त्याच सुमारास, सहकाऱ्यांच्या आग्रहाला मान देऊन, अख्मत यांनी औषध घेण्याचे कबूल केले. ते पुढे जगले, याचा मला त्यांच्या त्यागाइतकाच आनंद वाटतो.