मुरूम आणि ओल

ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचं पाणी लातूरला येत होतं. शहरातल्या एका रस्त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा फुटपाथ करायचा होता. ठेकेदार एकच, मिस्त्री दोन. डावी बाजू एका म्हाताऱ्या मामांकडे, उजवी त्यांच्याच भाच्याकडे.

२००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याआधी नांदेडचे रस्ते नव्याने बांधले गेले, तेव्हा मामा तिथे कामाला होते. फुटपाथ वरून दिसतो पण टिकतो खालून, हे त्यांनी तिथेच मनाशी पक्कं केलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं की तेही दरवर्षी तिच्यासोबत वरखाली होतं आणि शेवटी तडकतं. म्हणून मामांनी माती खोलवर काढली, थराथराने मुरूम भरला आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून बसवला. वापरायच्या विहिरीत होतं तेवढं पाणी त्या ठोकणीतच संपलं. मग त्यांनी काम थांबवलं.

भाचा म्हणाला, “मामा, थांबलाव कशाला? बिल अडकंल की.”

“सिमेंटच्या पोत्यामागं पंचवीस लिटर पाणी कालवायला लागतंय. तेवढं कुठूनबी येईल. पण ह्या उन्हात पुढं दहा दिवस त्याला ओलं कोण ठेवणार? लोक घागरी घेऊन रांगेत उभे हायत. त्यांच्या तोंडचं पाणी फुटपाथाला पाजणं पाप, अन् ओल न देता काँक्रीट ओतणं म्हणजे त्याच लोकांना फसवणं. पाऊस पडू दे.”

भाच्याने एक टँकर विकत घेतला. वरची माती जराशी खरवडली, माल पटकन पसरावा म्हणून कालवताना जास्तीचं पाणी घातलं आणि वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने आरशासारखा गुळगुळीत केला. दोन दिवस सकाळी पाणी शिंपडलं, तेवढंच. फोटो निघाला, बिल निघालं.

मामांच्या बाजूने लोक तांबड्या धुळीतून चालत राहिले. दुकानदारांनी त्यांना तोंडावर बोल लावले. मजूर पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेले, मामांचीही कमाई बुडाली. अशा कडक, कोरड्या उन्हात दहा दिवसांची ओल काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातच सांगितलेली आहे. तो नियम पाळणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसावा, हे मला फार खटकतं. भर दुष्काळात काम काढायचं, तर पाणी कुठून येणार हे निविदेतच लिहायला हवं, नाहीतर काम पावसाळ्यानंतर काढायला हवं.

सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, मांजरा भरलं. मामांनी माणसं परत गोळा केली. चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत, कोपऱ्यावर चाकाची खुर्ची चढेल असा उतार, पाणी वाहून जायला पन्नास इंचाला एक इंचाचा ढाळ, ठरावीक अंतरावर सांधे. पाय घसरू नये म्हणून ओल्या पृष्ठभागावर त्यांनी आडवा झाडू फिरवला. दुसऱ्या दिवसापासून गोणपाट अंथरलं आणि ते वाळू दिलं नाही; रात्री मामा स्वतः उठून पाणी मारत.

तोवर उजव्या बाजूच्या फुटपाथाखाली माती फुगली होती. काही तुकडे मधोमध उचलले गेले, गुळगुळीत थराचे पापुद्रे निघाले, आणि जिथे तो शाबूत होता तिथे पावसात पाय सटकू लागले. म्हाताऱ्या बायका मुद्दाम रस्ता ओलांडून डावीकडून जाऊ लागल्या. हे भाच्याने रोज पाहिलं. एके दिवशी तो मामांकडे आला. “किती खोल खणलं होतंत?”

मामांनी त्याच्या हातात पहार दिली. “आधी तुझं फोड. मग मोज.”

त्याने पहिला तुकडा उचकटला. चार बोटंही जाड नव्हता, आणि लगेच खाली काळी माती, बोटाने दाबली जाईल अशी ओली. भाचा बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला.

ठेकेदार पुन्हा पैसे देणार नव्हता. तरी भाच्याने उजवी बाजू टप्प्याटप्प्याने, पदरमोड करून उखडायला घेतली. मुरमाच्या पहिल्या ट्रॅक्टरचे पैसे मामांनी भरले.