टाकीतला मासा आणि आपले देणे



पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देणे ही दया आहे की दयेचे नाटक? मी हा प्रश्न स्वतःहून कधी काढला नसता. आपल्याच धर्मग्रामातील एका मावशींनी तो माझ्यापुढे ठेवला. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर गोड्या पाण्याच्या तलावावर गळ टाकायला जातो. तेथे त्याने एक जुनी बोट विकत घेतली आणि तिच्यावरील मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीची सगळी नळजोडणी उपसून नव्याने केली. त्यात दोन शनिवार-रविवार गेले आणि बरेच डॉलरही गेले. मावशींनी फोनवर विचारले, "मग मासे घरी आणतोस ना रे?" तो म्हणाला, "नाही आई, वजन करतो आणि परत सोडतो."

मावशींचे सारे आयुष्य डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन गेले आहे. त्या मला म्हणाल्या, "फादर, खायचा नाही तर पकडायचा कशाला? आणि पकडला तर त्याच्यापायी एवढा खर्च कशाला?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. पण आधी ती टाकी समजून घेऊ, कारण माझ्या मते अर्धे नीतिशास्त्र त्या नळ्यांतच आहे.

ह्या टाकीला तिकडे लाइव्हवेल म्हणतात. कल्पना जुनी आहे. बर्फाची सोय नव्हती तेव्हा युरोपातील कोळी बोटीच्या मधल्या खणाच्या तळाला भोके पाडत. समुद्राचे पाणी त्यातून आत-बाहेर खेळत राही आणि कॉड मासा जिवंतच बाजारात पोहोचे. इंग्लंडमधील हार्विच बंदरात अशा बोटी १७१२ च्या सुमारास आल्या. तेव्हा मासा जिवंत ठेवायचा तो ताजा खाता यावा म्हणून. आजच्या लाइव्हवेलमध्ये तो जिवंत ठेवायचा तो सोडता यावा म्हणून. हा बदल घडवण्यात अमेरिकेतील रे स्कॉट ह्या माणसाचा मोठा वाटा होता. तो अलाबामा राज्यातील विमा एजंट. १९६७ साली त्याने बास माशाच्या गळस्पर्धा सुरू केल्या. स्पर्धेतील माशांचे ढीग मरून पडतात, ह्यावर लोक नाराज होऊ लागले, तेव्हा १९७२ साली त्याने पकडलेला मासा मारू नका अशी मोहीम काढली. मासा टाकीत जिवंत आणायचा, वजन करायचे आणि तलावात सोडायचा, ही रीत तेथून रूढ झाली. रे स्कॉट २०२२ साली वारला. रीत मात्र जगभर पसरली आहे.

आता नळजोडणी. बोटीच्या तळाजवळ भोक पाडून बसवलेल्या तोटीतून पंप बाहेरचे पाणी ओढतो, ते फवाऱ्याने टाकीत पडते आणि जास्तीचे पाणी वरच्या भोकातून बाहेर जाते. स्वस्तातल्या बोटीत बहुधा एकाच पंपावर सगळा कारभार असतो. बोट वेगाने जाऊ लागली की तिचे नाक वर उचलते, तोटी पाण्याबाहेर येते आणि नळीत हवा अडकते. मग पंपाची घरघर चालू राहते, पण टाकीत थेंबही पडत नाही. वर बसलेल्याला आवाज ऐकू येतो आणि सारे ठीक आहे असे त्याला वाटते. इकडे आतले मासे टाकीतला प्राणवायू संपवत असतात आणि त्यांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया त्याच पाण्यात साठत असतो.

उन्हाळ्यात तर आणखी कठीण. शून्य अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांवर जेमतेम ७.५. म्हणजे पाणी तापले की वायू निम्मा, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली. म्हणून जाणकार लोक पाणी भरायला एक पंप आणि तेच पाणी फिरवायला दुसरा पंप ठेवतात, व्हॉल्व्ह बसवतात, तोटी मागे आणि खोल घेतात, हवा अडकेल असा वळसा नळीला राहू देत नाहीत. काही जण बंद बाटलीत बर्फ करून टाकीत सोडतात. मावशींच्या मुलाने केले ते हेच.

पहिल्या प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी अन्नासाठी प्राणी मारणे रास्त मानले आहे: वनस्पती प्राण्यांसाठी, प्राणी माणसासाठी, अशी त्यांनी क्रमवारी लावली. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण तशी सवय लागलेला माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, असे ते सांगतात. सेमिनरीत आम्ही हे शिकलो. मला ते अपुरे वाटते. त्यात मासा हा माणसाच्या स्वभावाला वळण लावण्याचे साधन होऊन बसतो. त्याचे स्वतःचे असे काही उरत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस अजून निर्माणही झालेला नसताना देव समुद्रातील जीवांना आशीर्वाद देतो, हे आपण वाचतो आणि विसरतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात हेच ठासून सांगितले, की इतर जीवांना देवासमोर स्वतःचे मोल आहे. ते केवळ आपल्या उपयोगावर ठरत नाही.

तसे असेल तर मावशींचे म्हणणे भक्कम ठरते. खाण्यासाठी मासा घेणे हे निर्मितीच्या व्यवस्थेत बसते. प्रभूने पुनरुत्थानानंतर शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, आणि तिबेरियाच्या किनाऱ्यावर त्यांच्यासाठी निखाऱ्यावर मासळी तयार ठेवली. पण खायचे नसताना, केवळ झुंजीच्या मौजेसाठी, जीवाच्या ओठात गळ रुतवणे? स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांनी मासा सोडण्याच्याच हेतूने गळ टाकणे बंद केले. मावशींना स्वित्झर्लंड कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण तेथील सरकार त्यांच्या बाजूचे आहे. माशाला वेदना होते का, ह्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. इजा ओळखणारे मज्जातंतू ट्राउट माशाच्या तोंडाजवळ असल्याचे २००३ साली संशोधकांनी दाखवले. त्याला 'दुःख' म्हणावे की नाही, हा वाद पुढे चालू आहे. संशय असेल तेथे सावधपणाने वागावे, एवढे तर्कशास्त्र मात्र पुरेसे आहे.

तरीही मी त्या मुलाला एकदम दोषी ठरवणार नाही. तिकडे गळ टाकणारे हजारो. प्रत्येकाने मिळालेला मासा घरी नेला असता तर कितीतरी तलाव रिकामे झाले असते. सोडण्याच्या रिवाजाने मासा टिकायला मदत झाली, हे मान्य करायला हवे. मौजेसाठी पकडणे मला पटत नाही. पण जो पकडणारच आहे, त्याने सोडलेले बरे.

मात्र सोडणे म्हणजे काय? स्पर्धेनंतर सोडलेले मासे संशोधकांनी जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून पाहिले आहेत. सोडताना शेपटी हलवत निघून गेलेल्यांपैकी काही पुढच्या दिवसांत मेले, आणि पाणी कोमट असेल तर अधिक मेले. टाळ्या वाजवणारे तोवर घरी गेलेले असतात. मला हे फार ओळखीचे वाटते. म्हाताऱ्या आईला दवाखान्यातून घरी आणून सोडले, बिल भरले, फोटो काढला. पुढच्या दहा दिवसांत तिचे औषध कोण देतो, ते पाहायला आपण तेथे नसतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर मावशींच्या विरुद्ध जाते. नळजोडणीचा खर्च वाया गेलेला नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ २४१८ व्या परिच्छेदात दोन गोष्टी सांगतो: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाच्या दैन्यावर आधी खर्चायचा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. हे दुसरे वाक्य त्या मुलाला लागू पडते असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्याने माशाला दान दिलेले नाही. मासा त्याने स्वतःच्या हौसेसाठी पाण्याबाहेर काढला, तेव्हाच तो त्याचा देणेकरी झाला. पंप आणि नळ्या ही त्या देण्याची फेड आहे. ती परवडत नसेल तर हौस परवडत नाही. आणि ही फेड चांगल्या मनाने होत नाही, ज्ञानाने होते. मनात कितीही कळवळा असला तरी त्याने पाण्यात प्राणवायू विरघळत नाही. सद्गुणांच्या यादीत विवेक पहिला का येतो, ते मला पुस्तकापेक्षा ह्या पंपाने जास्त स्पष्ट केले.

त्या दुसऱ्या वाक्याची खरी गरज आपल्याकडे आहे. आपल्या बोटी दिवसेंदिवस समुद्रात असतात. पापलेट दबू नये म्हणून बर्फ कसा घालायचा, हे प्रत्येक तांडेलाला पाठ असते, आणि असायलाच हवे. त्याच बोटीवर खलाशाला प्यायचे पाणी पुरते का, तो आजारी पडला तर कोणत्या कोपऱ्यात झोपतो, हे बोटमालकाने तितक्याच काळजीने विचारावे. माशाआधी विचारावे.

मावशींच्या पहिल्या वाक्याचा रोखही आपल्यावरच येतो. खायचा नाही तर पकडायचा कशाला? मग बारीक आसाच्या जाळ्यात येणारी ती बोटभर पिल्ले कोण खातो? ती मुठीमुठीने किनाऱ्यावर टाकली जातात, नाहीतर कुट्याला जातात. त्यांना सोडायला टाकीची नव्हे, मोठ्या आसाची गरज आहे, आणि तो निर्णय जाळे विणतानाच घ्यावा लागतो.

आणि चिंबोऱ्या. शनिवारी बाजारातून आणलेल्या, नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या रविवारची मिस्सा संपेपर्यंत कित्येक घरांत मोरीत पडून असतात, कधी उन्हात, कधी नळाच्या गोड्या पाण्यात, ज्यात खाडीची चिंबोरी गुदमरते. त्यांना सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. रांधण्याआधी बराच वेळ बर्फात घालून पार सुस्त होऊ द्यावे आणि मग एका घावात मारावे. जिवंत उकळत्या आधणात टाकू नये. ह्याला पंप लागत नाही, डॉलरही लागत नाहीत. दहा रुपयांचा बर्फ कोपऱ्यावरच्या म्हावरेवालीकडे मिळतो.