चित्राला तळटीप नसते

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शीर्षकपानावर दोन नावं भेटतात. एक संपादक विष्णु सीताराम सुकथनकर. दुसरं, प्राचीन नमुन्यांवरून चित्रं काढणारे औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. या कामाला लाख रुपयांची देणगी जाहीर करणारेही तेच. दोघं एकाच बांधणीत बसले, पण त्यांची तोंडं दोन दिशांना. सुकथनकर ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहायचे आणि मागाहून घुसलेले श्लोक उचलून तळटिपेत नाहीतर परिशिष्टात ठेवायचे. बाळासाहेबांना मात्र पदरची भर घातल्याशिवाय एक रेघ ओढता येत नव्हती. द्रौपदीच्या लुगड्याचा काठ केवढा, सभेतल्या खांबांवर नक्षी कसली, हे व्यास कुठं सांगतात? ते कुठून तरी आणावंच लागतं.

मी सांगलीत चित्रकला शिकवली. आता जुन्या पुस्तकांतली चित्रं हातानं मोठी करून देते. त्यात सगळ्यांत जास्त मागणी बाळासाहेबांच्या ‘चित्ररामायणा’ला. पुस्तक १९१६चं. सातारा-सांगलीकडच्या काही घरांत त्याची प्रत अजून पेटीत, लाल फडक्यात असते. पानावर पेन्सिलनं रेघ मारायची सोय नाही, म्हणून वर पारदर्शक कागद ठेवून त्यावर चौकटी आखते, तितक्याच चौकटी कॅनव्हासवर आखते आणि मग एकेक घर भरत जाते.

पहिला प्रश्न रंगाचा येतो. शंभर वर्षांत कागद पिवळा पडलेला, निळ्यात हिरवट झाक आलेली. मी कशाची नक्कल करायची? बाळासाहेबांनी रंगवलेल्या चित्राची, छापखान्यातून तेव्हा निघालेल्या पानाची, की आज समोर आहे त्या पानाची? मूळ कोणतं, हे ठरल्याशिवाय पहिली ट्यूबसुद्धा पिळता येत नाही. आणि मुळाच्याही मागं मूळ आहे. बाळासाहेबांच्या डोळ्यांसमोर रविवर्मा होता. रविवर्म्यानं आपल्या देवांना नेसवलं ते त्याच्या काळातल्या माणसांकडे बघून. त्याच्या शिळाप्रेसच्या तसबिरी घराघरांत गेल्या आणि लोकांनी त्यांच्यापुढं निरांजन लावलं. भक्ताच्या मनात जो राम उभा राहतो त्यात वाल्मीकी किती आणि मळवलीचा छापखाना किती, हे आता कुणी वेगळं करून दाखवावं!

पोथीत हे वेगळं करता येतं, निदान तसा प्रयत्न होतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी पुन्हा ओव्या घुसडू नयेत म्हणून बजावून ठेवलं. (औंधातच राहून वेदसंहिता शुद्ध करून छापणारे सातवळेकरही आधी चित्रकारच होते. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.) चित्राला मात्र ही शिस्त लावायची कशी? त्यात मूळ आणि प्रक्षेप एकाच रंगात वाळतात.

मूळ शुद्ध आणि नक्कल उष्टी, असं मी मानत नाही. एकलव्याला विद्या दिली ती मातीच्या द्रोणानं. अंगठा मागायला खरा द्रोण आला. पण म्हणून नकलेत काहीही चालतं असंही नाही. वर्गात चाळीस मुलं शेजारच्याचं बघून चित्र काढायची. एकानं हाताला सहावं बोट काढलं की ते बोट तीन बाकांपर्यंत जायचं, आणि कुणी कुणाचं पाहिलं ते मला तिथूनच कळायचं. पोथ्यांची घराणी लावणारे पंडितही समान चुकाच शोधतात. नकळत झालेली चूक गोत्र सांगते. जाणूनबुजून केलेली सुधारणा ते पुसून टाकते. माझा हात थरथरला आणि सीतेची मान अंशभर कलली, तर ते पाप नव्हे. पण राम अधिक देवासारखा दिसावा म्हणून मी त्याच्यामागं प्रभावळ काढली, तर मी माझ्या मनातला राम बाळासाहेबांच्या नावावर खपवला. देव कोणत्याही रूपाआडून श्रद्धा स्वीकारतो असं गीतेचं आश्वासन आहे, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण ती सवलत पूजा करणाऱ्याला आहे, नकलाकाराला नाही.

विट्याच्या एका गृहस्थांशी माझा वाद झाला तो यावरूनच. वनवासातल्या तिघांचं चित्र त्यांना देवघराशेजारी लावायचं होतं. म्हणाले, “बाई, रामाला जरा निळा करा की. हा अगदी माणसासारखा दिसतोय.” मी म्हटलं, “काका, तो माणसासारखा दिसावा असंच काढणाऱ्याला वाटलं असेल. निळा राम हवा तर वेगळा काढून देते, पण त्याखाली बाळासाहेबांचं नाव येणार नाही.” त्यांनी दोन दिवस विचार केला आणि आहे तसाच हवा म्हणून निरोप पाठवला. रंग मी आजच्या पानाचाच धरला, हिरवट झाकेसकट. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच होतं, बाकी सगळा तर्क.

कॅनव्हासच्या पाठीवर मी नेहमी लिहिते: कोणत्या पुस्तकावरून, त्या प्रतीची स्थिती काय, रंग कशावरून घेतले, नाव, साल. फ्रेमवाला त्यावर प्लायवूड ठोकून मोकळा होतो. म्हणून या वेळी काकांना सांगितलं, मागची बाजू उघडी ठेवायला लावा. ते हसले. “देवाच्या पाठीमागं कोण बघायला जातंय, बाई?” म्हटलं, “पुढं कुणी याच्यावरून नक्कल करायला बसलं, तर ते बघेल.”