वाटचालीचे फळ

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध दशमीस ती पंढरपुरी पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट वाहनाने एका दिवसात सरते. तरीही लक्षावधी वारकरी ती पायीच चालतात. दर्शन हेच एकमेव साध्य असते, तर हे कष्ट निरर्थक ठरले असते.

एकादशीच्या गर्दीत अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. चंद्रभागेत स्नान करून, कळसाला हात जोडून ते समाधानाने परततात. त्यांची वारी अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. दिवे घाटाची चढण, वाटेवरील रिंगण, अनोळखी माणसालाही 'माउली' म्हणून केलेला नमस्कार यांतच त्यांना वारीचे फळ लाभलेले असते.

मात्र पंढरीच नसती, तर पावलांना दिशा उरली नसती. म्हणून ध्येय हवेच. परंतु विद्यार्थी असो वा शेतकरी, यशाचा क्षण अल्प असतो आणि त्यासाठी वेचलेली वर्षे हेच आयुष्य असते. ती केवळ प्रतीक्षेत दवडू नयेत. दर्शनरांगेतील वेळही भाविकांनी नामस्मरणात आणि शेजारच्या वृद्धाला आधार देण्यात घालवावा. तीही सेवाच होय.